चीनची भिंत चित्रकाराने पाहिलीच नव्हती

जुन्या सागरी मोहिमांच्या सचित्र ग्रंथांबद्दल एक समज पक्का बसलेला आहे: त्यातली चित्रं म्हणजे त्या काळचे फोटोच. चित्रकाराने समोर पाहिलं, तेच काढलं.

तसं नाही. ब्रिटिश राजदूत लॉर्ड मॅकार्टनी १७९३ मध्ये चीनच्या दरबारी गेला. त्या शिष्टाईचा अधिकृत वृत्तांत जॉर्ज स्टाँटनने १७९७ मध्ये छापला, सोबत चित्रांचा वेगळा, भला मोठा खंड. त्यात चीनची भिंत आहे आणि जेहोलला, म्हणजे भिंतीपलीकडच्या उन्हाळी राजमुक्कामी, सम्राट चियानलोंग भेटीच्या तंबूकडे येतानाचं दृश्यही. चित्रकार विल्यम अलेक्झांडर. पण हा गडी जेहोलला गेलाच नव्हता! त्याला पेकिंगमध्येच (आजचं बीजिंग) मागे ठेवलं होतं, आणि ती चुटपुट त्याला लागून राहिली. भिंतीची मोजमापं आणि रेखाटनं केली ती तोफखान्याच्या लेफ्टनंट पॅरिशने. अलेक्झांडरने त्यांवरून चित्र रचलं. मग लंडनमध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्यांचा हात फिरला. गंमत म्हणजे शिष्टमंडळाचा अधिकृत चित्रकार वेगळाच होता, थॉमस हिकी. त्याने फारसं काही काढलंच नाही.

कालव्यातल्या नावा, सैनिक, रस्त्यावरची माणसं मात्र अलेक्झांडरने डोळ्यांनी पाहिलेली. त्या चित्रांवर जास्त भरवसा ठेवावा.