हात मोकळे, लक्ष गुंतलेले

१ ऑगस्ट २०२५ पासून इंदूरच्या पंपांवर हेल्मेटशिवाय पेट्रोल द्यायचे नाही, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढला. त्याच्या दोन-तीन दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे यांनी शहरात बैठक घेतली होती. तिथूनच चक्रे फिरली. मागच्याचे हेल्मेट दोन मिनिटांपुरते मागून पेट्रोल भरून घेणारे महाभाग निघाले, ते सोडा. हेल्मेट मनापासून घालणाऱ्यांकडे मात्र सिग्नलवर जरा निरखून पाहावे. पलासियाहून गीता भवनकडे जाणाऱ्या गर्दीत एखादा तरी असतोच: गाल आणि हेल्मेटचा फोम यांच्या फटीत फोन खुपसलेला, खालच्या बाजूने त्याचा कोपरा बाहेर आलेला, स्क्रीनचा उजेड हनुवटीवर पडलेला, आणि गृहस्थ घरच्या गॅस सिलिंडरविषयी कुणाशी तरी हुज्जत घालत आहेत. डोक्यावर हेल्मेट आहे, दोन्ही हात हँडलवर आहेत, वेग तिशीच्या आत आहे. हवालदाराने चालान करायचे तर कशाचे?

हा प्रश्न हेल्मेटइतका सोपा नाही आणि इंदूरपुरताही नाही. गाडी चालवणाऱ्याचे लक्ष कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. हात कुठे आहेत ते दिसते. म्हणून जगभरचे कायदे गेली पंचवीस वर्षे हातांच्या मागे लागले आहेत. खरी गंमत अशी, की धोका हातात नसून डोक्यात आहे हे पहिला मोबाइल बाजारात येण्याच्या कितीतरी आधीच कळलेले होते.

सुरुवात रेडिओपासून झाली. १९३० साली अमेरिकेत गॅल्विन कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ विकायला काढला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. त्याच दशकात आपल्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. ती गाडी आजही जुन्या मोटारींच्या शौकिनांत ‘महाराजा होळकर’ म्हणूनच ओळखली जाते. इंदूरच्या रस्त्यांवर तेव्हा टांगे जास्त आणि मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. पण अमेरिकेत वाद पेटला होता. गाणे ऐकता ऐकता ड्रायव्हरला डुलकी लागेल, बटण फिरवताना नजर रस्त्यावरून हटेल, म्हणून काही राज्यांत गाडीतल्या रेडिओवर बंदी आणायच्या हालचाली झाल्या. त्या पुढे गेल्या नाहीत. लोकांना रेडिओची सवय झाली आणि विषय तिथेच मिटला.

फोनच्या बाबतीत मात्र प्रयोग आधी झाला आणि वाद नंतर. १९६९ साली इंग्लंडमध्ये आयव्हन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालकांना गाडी चालवता चालवता फोनसारख्या यंत्रावरून प्रश्न विचारले. छोटी वाक्ये ऐकायची आणि ती बरोबर की चूक ते सांगायचे. त्याच वेळी समोरच्या फटीतून गाडी निघेल की नाही हे ठरवायचे. स्टिअरिंग धरण्यात, गाडी सरळ ठेवण्यात फारसा फरक पडला नाही. बिघडला तो अंदाज. जी फट गाडीच्या रुंदीपेक्षा अरुंद होती, तिच्यातूनही गाडी जाईल असे चालकांना वाटू लागले. म्हणजे हातांनी काम नीट केले, निर्णय चुकला. ज्याने कधी राजवाड्याच्या मागच्या गल्लीत दुचाकी घातली आहे, त्याला फटीचा अंदाज म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर जवळपास तीस वर्षे कुणी फार मनावर घेतले नाही, कारण गाडीत फोन असणारी माणसेच थोडी होती. मग १९९७ मध्ये टोरांटोच्या रेडेलमायर आणि टिब्शिरानी या संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनची बिले तपासली. कुणाला आठवते का, कुणी कबूल करते का, हा भागच त्यात नव्हता. अपघाताची वेळ आणि कॉलची वेळ समोरासमोर ठेवली, इतकेच. फोन चालू असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली. जागतिक आरोग्य संघटना आजही जो ‘चौपट’ आकडा सांगते तो अशाच अभ्यासांतून आलेला आहे. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती, ती मात्र कायदे करणाऱ्यांनी वाचली नसावी: हातात न धरता बोलण्याच्या फोननेही धोका कमी झालेला दिसला नाही.

पुढे अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी हा धागा उचलला. २००१ मध्ये त्यांनी दाखवले, की चालकाने फोन कानाला लावला काय आणि हँड्स-फ्री बोलला काय, सिग्नल चुकण्याचे आणि ब्रेक उशिरा लागण्याचे प्रमाण सारखेच वाढते. २००३ चा प्रयोग तर अस्वस्थ करणारा आहे. त्यात चालकांच्या नजरेचा माग घेतला. बोलणाऱ्याचे डोळे रस्त्याकडेच्या फलकावर थेट टेकले होते हे यंत्रात नोंदले गेले. नंतर विचारले तर फलकावर काय होते ते त्याला सांगता येत नव्हते. ‘अहो, मी समोरच बघत होतो, ती बाई एकदम कुठून आली कळलंच नाही’ असे अपघातानंतर जो शपथेवर सांगतो, तो पुष्कळदा खरे बोलत असतो. बघत होता. दिसत नव्हते.

आता कायद्याकडे या. २००१ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्याने गाडी चालवताना हातात फोन धरण्यावर बंदी घातली. अमेरिकेतले ते पहिले राज्य. १ डिसेंबर २००३ ला ब्रिटनने तेच केले. दोन्हीकडे हँड्स-फ्रीला मुभा. कारण सरळ आहे: कानाला लावलेला फोन पोलिसाला दिसतो. शिवाय इतक्या लोकांना गाडीत बोलूच नका म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. या मुभेने एक अख्खी बाजारपेठ उभी केली. आपल्या जेल रोडवर संध्याकाळी चक्कर मारा. हँडलला लावायचे होल्डर, गळ्यात अडकवायचे ब्लूटूथ, कानात बसणारे बटणाएवढे इअरबड, हेल्मेटच्या आत चिकटवायचे स्पीकर, सगळे ओळीने टांगलेले असते. दुकानदार ‘सेफ आहे, हात फ्री राहतो’ असे सांगतो आणि त्याचा त्यावर मनापासून विश्वास असतो. कायद्यानेच त्याला तसे शिकवले आहे.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना केलेला. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. स्कूटरवर गप्पा मारायची चैन कुणाला परवडणार? मे २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाले आणि चित्र पालटले. फोन उचलायला खर्च नाही म्हटल्यावर तो कुठेही उचलला जाऊ लागला, मग हातात भाजीची पिशवी असो की क्लच.

आपला मोटार वाहन कायदा मात्र १९८८ चा. त्यात मोबाइल असणे शक्यच नव्हते. बेदरकार वाहन चालवण्याचे कलम १८४ होते, ते ताणून लावायचे. ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना सांगितले, की गाडी चालवताना मोबाइलवर बोलणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा. तरी कायद्यातली फट राहिलीच. २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले, की गाडी चालवताना फोनवर बोलणे हा त्या राज्याच्या पोलीस कायद्याखाली आपोआप गुन्हा ठरत नाही. लोकांना धोका निर्माण झाला हे दिसायला हवे. निकाल कायद्याच्या दृष्टीने चूक म्हणता येणार नाही. अक्षर नव्हते, तर न्यायालय वाचणार काय?

ते अक्षर १ सप्टेंबर २०१९ पासून आले. कलम १८४ च्या स्पष्टीकरणात लाल सिग्नल तोडणे, चुकीच्या दिशेने गाडी घालणे यांच्या पंक्तीत ‘हातात धरायच्या संपर्कसाधनाचा वापर’ बसला. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास दंड १०,००० रुपये. मध्य प्रदेशाने वाढीव दंड तेव्हा लगेच लागू केले नाहीत. इतर काही राज्यांप्रमाणे ‘थांबू, बघू’ केले. वर्षभराने, ऑक्टोबर २०२० पासून, केंद्राने नियमांत आणखी एक दार उघडले: चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने, फक्त रस्ता शोधण्यासाठी, हातातले उपकरण वापरता येईल. अशा बेताने म्हणजे कशा, ते ज्याचे त्याने ठरवायचे. आणि मूळ शब्द बघा: ‘हातात धरायचे’. पुन्हा हातच. हेल्मेटमध्ये खुपसलेला फोन हातात आहे की नाही यावर चौकात वकिली करणारे लोक मी पाहिले आहेत.

परदेशातले प्रयोग इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत हे मान्य. माझ्या मते इथे धोका जास्तच असावा. टोरांटोच्या रस्त्यावर गाय बसत नाही. भंवरकुआंपासून विजयनगरपर्यंत एबी रोडवर जाताना उजवीकडून उलटा येणारा, डावीकडून घुसणारी ई-रिक्षा, मधेच प्रवासी दिसला म्हणून थांबणारी छोटी मॅजिक गाडी, दुभाजकावरून उतरणारा कॉलेजचा घोळका, एवढे सगळे एकाच वेळी डोक्यात ठेवावे लागते. २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा साधारण साडेअकरा किलोमीटरचा, बससाठी राखलेला बीआरटीएस मार्ग सुरू झाला आणि बसगाड्या तरी वेगळ्या झाल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने तो काढायला परवानगी दिली. मार्ग राहावा की जावा, यावर इंदूरकर तासभर भांडू शकतात. चालकाच्या लक्षाचा हिशेब त्या भांडणात कधी निघाला नाही. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. मेसेज कुणाचा आहे एवढेच बघायला तीन सेकंद खाली पाहिले, तर ३३ मीटर गेले. म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या जवळजवळ तीन सिटी बस.

याच शहरात हायकोर्टाजवळच्या चौकात रणजित सिंह नावाचे वाहतूक पोलीस मायकल जॅक्सनसारखे मूनवॉक करत वाहतूक हाकताना देशभर प्रसिद्ध झाले. पुष्कळांनी त्याला तमाशा म्हटले. मला त्यात चांगलीच अक्कल दिसते. चालकाची नजर खिशातून, स्क्रीनवरून, मागे बसलेल्या मित्राकडून ओढून चौकात आणायची, तर शिट्टीपेक्षा नाच बरा. त्याचा व्हिडिओ काढायला लोक पुन्हा फोनच बाहेर काढतात, याला इलाज नाही.

बोलणाऱ्या चालकाला आपण नावे ठेवतो, पण फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण असते? बहुधा घरचेच. लोकमान्य नगरातल्या स्वयंपाकघरातून आई विचारते, ‘कुठे पोचलास?’ मुलगा सांगतो, ‘आई, गाडीवर आहे, बोल.’ आणि आई खरोखरच बोलते. लग्नाचे आमंत्रण कुणाला गेले, आत्याचा गुडघा, येताना पोहे आणायचेत ते जाडे की पातळ. २००८ मध्ये स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजले होते. शेजारी बसलेला माणूस गप्पा मारताना रस्ता बघत असतो. गर्दी आली की तो गप्प होतो, ‘सांभाळ, ट्रक’ म्हणतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. त्यामुळे ऐन चौकात त्याचा प्रश्न सुरूच राहतो आणि चालकही उत्तर देतच राहतो. आईला चालान होत नाही, आणि व्हावे असे माझे म्हणणेही नाही. ‘घरी आल्यावर बोलू’ म्हणून फोन ठेवणे मात्र तिच्याच हातात आहे, हे आमच्या काका-मावश्यांच्या पिढीला सांगायला कुणी जात नाही. शाळेतल्या पोरांना तेवढी पोस्टर रंगवायला लावतात.

कामावरच्या लोकांचे तर आणखी अवघड. जेवण किंवा किराणा पोचवणाऱ्या पोराचा फोन हेच त्याचे ऑफिस. ऑर्डर आली की बीप, ठरलेल्या वेळात बोट लागले नाही तर ती दुसऱ्याकडे, पत्ता सापडेना म्हणून ग्राहकाचा कॉल. सगळे चालत्या गाडीवर. दंड त्याला होईल. त्याला चालत्या गाडीवर उत्तर द्यायला लावणारी यंत्रणा कलम १८४ मध्ये कुठेच येत नाही. फोन ठेवला की लक्ष लगेच परत येते असेही नाही: २०१५ मध्ये स्ट्रेयर यांनीच अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रतिष्ठानासाठी केलेल्या अभ्यासात, गाडीतल्या काही यंत्रणांना तोंडी हुकूम देऊन झाल्यावरही चालकाचे मन पूर्ण रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत लागले होते.

मग आपल्याकडे किती अपघात यामुळे होतात? २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेश ५४,४३२ सह तमिळनाडूखालोखाल दुसरा. केंद्रीय अहवालात कारणांचे रकाने असतात. त्यात अतिवेगाचा रकाना निम्म्याहून कितीतरी अधिक अपघात गिळून टाकतो, आणि मोबाइलच्या वाट्याला २०२१ मध्ये १,९९७ अपघात आणि १,०४० मृत्यू आले होते. या छोट्या आकड्यावर माझा विश्वास नाही, आणि कारण साधे आहे: पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला टायरच्या खुणा दिसतात, चेपलेले बंपर दिसते. अर्ध्या मिनिटापूर्वी चालकाच्या कानात कोण बोलत होते हे त्याला कोण सांगणार? चालक तर नक्कीच नाही. विम्याचा दावा अडेल. अपघातांच्या नोंदी मोबाइल अ‍ॅपवर करण्याची आयरॅड ही केंद्राची पद्धत ज्या सहा राज्यांत आधी राबवली गेली, त्यांत मध्य प्रदेश होता. घटनास्थळ, वाहन, रस्ता यांचे तपशील त्यामुळे बरे भरले जातात. कॉलची वेळ अपघाताच्या वेळेशेजारी ठेवून पाहायची, हे टोरांटोच्या दोघांनी १९९७ मध्ये कागदी बिलांवर केलेले काम प्रत्येक अपघातात नेमाने करायची पद्धत अजून आपल्याकडे बसलेली नाही. ती बसेपर्यंत बोलता बोलता ठोकलेल्या गाड्या अतिवेगाच्या रकान्यात जमा होत राहतील.