नांगराचा फाळ, उसाचा चरक आणि चौदा वर्षांचा हक्क

नांगराचा ओतीव लोखंडी फाळ मोडला आणि तुटलेली कड उजेडात धरली, तर चांगल्या फाळात दोन रंग दिसतात. तळाचा थर पांढरट, चकाकणारा आणि अतिशय कठीण असतो. वरचा भाग करडा आणि त्या मानाने मऊ असतो. धातू एकच, पण तो दोन वेगांनी थिजलेला असतो. साच्याचा तळ लोखंडाचा आणि वरची बाजू वाळूची ठेवली, की वितळलेला रस तळाशी झटकन गार होतो, त्यातल्या कार्बनला ग्राफाइट होऊन वेगळे पडायला वेळ मिळत नाही आणि तो लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट हे कठीण संयुग तयार होते. वाळूकडची बाजू सावकाश निवते, म्हणून ती मऊ राहते. जमिनीत फाळ चालू लागला की वरची मऊ बाजू आधी झिजते, खालची कठीण कड पुढे राहते आणि नांगरता नांगरताच धार लागत जाते. इंग्लंडमधील इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये या फाळाचे पेटंट घेतले. चौदा वर्षांनी त्याची मुदत संपली आणि ही युक्ती सर्वांना खुली झाली.

पेटंट हा मुळात एक करार आहे. संशोधकाने आपली युक्ती कागदावर अशी उलगडून मांडायची की त्या धंद्यातल्या जाणकाराला ती वाचून यंत्र बनवता यावे. त्या बदल्यात सरकार त्याला ठरावीक काळ एकट्याने ते बनवण्याचा आणि विकण्याचा हक्क देते. हिंदुस्थानात असा कायदा प्रथम १८५६ मध्ये झाला. त्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याचे स्थापत्य अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला. राणीची पूर्वसंमती न घेता केला गेल्यामुळे तो कायदा लगेच रद्द करावा लागला आणि १८५९ मध्ये दुरुस्त करून पुन्हा आणावा लागला. पुढे १८८८ चा आणि मग १९११ चा कायदा आला. या शेवटच्या कायद्याने पेटंट नियंत्रकाचे पद निर्माण केले आणि थोड्याफार दुरुस्त्यांसह तो स्वातंत्र्यानंतरही १९७२ पर्यंत लागू राहिला. हक्काची मुदत प्रथम चौदा वर्षांची होती, १९३० मध्ये ती सोळा झाली.

कागदावर ही व्यवस्था सरळ दिसते. शेतीच्या अवजाराला ती लावून पाहिली की तिच्यातली अडचण लक्षात येते आणि त्यासाठी उसाच्या चरकाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात ऊस दगडी किंवा लाकडी कोल्हूत पिळला जाई. त्यासाठी उसाची आधी बारीक कांडकी करावी लागत आणि एवढे करून बराच रस चिपाडातच राही. बिहारमधील शहाबाद जिल्ह्यात बिहिया येथे थॉमसन आणि मिल्न या जमीनदारी सांभाळणाऱ्या दोघा इंग्रजांनी १८७० च्या दशकात बैलांनी फिरवण्याचा, लोखंडी लाटांचा सुटसुटीत चरक आणला. त्यात अख्खा ऊस घालता येई, तो गाडीत घालून एका फडावरून दुसऱ्या फडावर नेता येई आणि एकरकमी पैसे नसलेल्या शेतकऱ्याला तो हंगामापुरता भाड्यानेही मिळे. तो इतका झपाट्याने पसरला की थोड्याच वर्षांत त्याच्या असंख्य नकला बाजारात आल्या.

या नकला थांबवायच्या कशा? कायद्याने पेटंटधारकाला दिवाणी दावा लावण्याची मुभा होती आणि १९११ च्या कायद्याप्रमाणे तो जिल्हा न्यायालयाच्या खालच्या न्यायालयात चालतच नसे. ज्या कारागिराने हंगामात पाच-दहा चरक विकले, त्याच्याविरुद्ध जिल्ह्याच्या गावी वकील उभा करण्याचा खर्च त्या चरकांच्या किमतीपेक्षा जास्त होई, आणि असे कारागीर गावोगाव होते. शिवाय ब्रिटिश हिंदुस्थानचे पेटंट संस्थानांच्या हद्दीत चालत नसे. म्हैसूरसारख्या काही संस्थानांचे स्वतःचे कायदे होते, पुष्कळांचे नव्हते. हिमालयाच्या पायथ्याशी सिरमूर संस्थानातली नाहन फाउंड्री उसाचे चरक ओतून उत्तर हिंदुस्थानात खपवत असे. अशा कारखान्याने कोणाचा हक्क मोडला, असे माझे म्हणणे नाही. पण यंत्र एका कायद्याच्या हद्दीत ओतले जाई आणि दुसऱ्या कायद्याच्या हद्दीत उसाच्या फडावर फिरे, ही वस्तुस्थिती होती.

म्हणूनच मला वाटते की शेतीच्या अवजारांचे खरे संरक्षण कायद्यापेक्षा भट्टीत होते. गावचा लोहार लोखंड तापवून ठोकतो, वितळवून ओतत नाही. ओतकामाला उंच भट्टी, कोक, भाता आणि साचे करणारा हात लागतो. ठोकून घडवता येणाऱ्या अवजाराची नक्कल आठवड्याच्या बाजारापर्यंत होत असे, पण दुरंगी फाळाची नक्कल गावच्या भात्यावर होणे अशक्य होते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची कामगिरी इथे मोलाची ठरते. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे पहिले नांगर खपायला फार वेळ लागला. नांगराची मूळ कल्पना इंग्लंडातली होती, पण तिच्यावरचे जुने हक्क केव्हाच संपले होते. उरले होते ते ओतकामाचे कसब, आपल्या काळ्या जमिनीला आणि आपल्या बैलांना पेलेल असा आकार, आणि मोडलेला फाळ लगेच बदलून देण्याची सोय. मुदत संपलेले पेटंट ही केवढी मोठी सार्वजनिक संपत्ती असते, हे या कारखान्याकडे पाहून पटते.

मोजकेच आणि मोठे ग्राहक असलेल्या यंत्रांची गोष्ट वेगळी होती. मुंबईत जन्मलेले डॉ. शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरे, ओतणाऱ्या यंत्रांवर लंडनमध्ये आणि नंतर अमेरिकेत काम केले आणि तिथेच पेटंटे घेतली. दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, सर रतन टाटांनी भांडवल पुरवले. भिशांना दावे लावायचे असते, तर ते थोड्याच कंपन्यांवर लावायचे होते. मात्र तिथे आड आले ते भांडवल: यंत्र हजारोंच्या संख्येने बनवून बाजारात टिकवण्याइतका पैसा त्यांच्यामागे अखेरपर्यंत उभा राहिला नाही. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. एवढ्या ताकदीच्या संशोधकाला मायदेशात कारखाना मिळाला नाही, याची हळहळ आजही वाटते.

हिंदुस्थानात दिलेली बहुतेक पेटंटे परकीयांचीच असत. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी पेटंट कायद्यावरील १९५९ च्या अहवालात नोंदवले की देशातील ८० ते ९० टक्के पेटंटे परदेशी लोकांकडे आहेत आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक इथे वापरातच आणलेली नाहीत. यंत्र इथे बनवायचे नाही आणि दुसऱ्यालाही बनवू द्यायचे नाही, असा त्या हक्कांचा वापर होत होता.

स्वातंत्र्यापूर्वी एक निराळा प्रयोग झाला होता. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. यंत्र हलके असावे, खेड्यातल्या झोपडीत हातापायांनी चालावे, स्त्रीला फारसे न थकता त्यावर आठ तास काम करता यावे, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये आणि देखभालीचा खर्चही मर्यादेत राहावा, अशा अटी होत्या. संशोधकाने हवे तर पेटंट घ्यावे, पण बक्षीस हवे असेल तर तो हक्क संघाच्या स्वाधीन करावा, अशीही अट होती. म्हणजे संशोधकाला मोबदला एकदाच आणि भरघोस, आणि त्यानंतर यंत्र सर्वांचे. नकलांच्या मागे धावण्याचा प्रश्नच त्यात उरत नव्हता. मात्र या सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारे यंत्र कोणालाही बनवता आले नाही आणि ते बक्षीस कोणालाच दिले गेले नाही.