सावलीत वाळवलेला पाला: कोकणातल्या एका अटीची पार्श्वभूमी

वाळवल्याने वनस्पतीचा गुण बदलतो, हे आयुर्वेदाने फार पूर्वी नोंदवले आहे. शार्ङ्गधरसंहितेचा नियम असा, की सुक्या द्रव्याऐवजी ओले वापरायचे तर दुप्पट घ्यावे. पण गुळवेल, कुडा, अडुळसा, शतावरी अशी काही द्रव्ये नेहमी ओलीच वापरावीत आणि दुप्पट करू नयेत. अडुळशातले मुख्य औषधी द्रव्य, व्हॅसिसीन, १८८८ मध्ये वेगळे काढले गेले. हवा लागून त्याचे व्हॅसिसिनोन होते, हे मात्र विसाव्या शतकात कळले.

घरचा काढा आणि अंगरस ताज्या पाल्याचाच असे, त्यामुळे कोकणात वाळवणीचा प्रश्न फारसा आला नाही. चूर्णे आणि अर्क कारखान्यात बनू लागले तसा सुका पाला पोत्यांनी लागू लागला. २००० साली आयुर्वेदिक उत्पादनासाठी परिशिष्ट टी, म्हणजे चांगल्या उत्पादन पद्धतींचे नियम, लागू झाले, कच्च्या मालाची तपासणी काटेकोर झाली आणि खरेदीदार बुरशी, ओलावा पाहू लागले. पाला ‘सावलीत वाळवलेला’च हवा, ही त्यांची अट मात्र तशीच राहिली.

वाद आहे तो या अटीवर. तिच्यामागचे कारण खरे आहे: थेट उन्हात हरितद्रव्य आणि कॅरोटीन झपाट्याने नष्ट होतात, पाला पिवळट पडतो. म्हणून सावली हवीच. पण सावलीने फक्त प्रकाश अडतो, पाणी हवेनेच काढायचे असते. घाटावरच्या कोरड्या हवेत पातळ पसरलेला पाला चार-पाच दिवसांत कुरकुरीत होतो. कोकणात जून ते सप्टेंबर हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. पडवीत पसरलेला पाला तेव्हा कितीही दिवस ठेवा, सुरक्षित ओलाव्यापर्यंत, म्हणजे ८ ते १० टक्क्यांपर्यंत, उतरतच नाही. तोडलेल्या पानाच्या पेशी काही काळ जिवंत असतात, विकरे (एन्झाइम) चालू राहतात, पानातली पॉलिफेनॉल नावाची द्रव्ये काळी पडतात आणि मग बुरशी धरते. सावलीचा नियम अक्षरशः पाळूनही माल वाया जातो तो असा. चुलीवरच्या माळ्यावर टाकला तर वाळतो, पण धूर बसतो, आणि औषधाला तो चालत नाही.

उपाय आहे कोमट, वाहत्या हवेचा. ३० अंशांची ९० टक्के दमट हवा ४० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता साधारण ५२ टक्क्यांवर येते आणि ती पाणी ओढू लागते. बंद, काळोख्या ड्रायरमध्ये सावलीही सांभाळली जाते. तरीही ‘यंत्रात भाजला’ म्हणून असा पाला नाकारला जातो, आणि हा अन्याय आहे.

तापमान पानाप्रमाणे ठरते. तुळस आणि गवती चहा ४० अंशांपुढे नेऊ नये. तुळशीच्या तेलाच्या ग्रंथी पानाच्या पृष्ठभागाजवळ असतात, आणि दोन्हींचे सुगंधी तेल पाण्याच्या वाफेबरोबर निघून जाते. अडुळसा, शेवगा ५० अंश सोसतात. शेवग्याचा पाला ओला असताना चुरगाळू नये. पेशी फुटल्या की मायरोसिनेज हे विकर ग्लुकोसिनोलेट या पानातल्या गंधकयुक्त द्रव्यांचे विघटन सुरू करते. ट्रेवर चौरस मीटरला २ ते ३ किलोच घालावा. जाड थरात वरचा पाला वाळतो, खालचा कोमेजून काळवंडतो. अडुळशाची जाड मधली शीर सर्वांत शेवटी वाळते, म्हणून पान चुरते का हे पाहून भागत नाही. शीर टच्चकन मोडली पाहिजे. ८० टक्के पाणी असलेल्या एक किलो पाल्यातून जेमतेम २२० ग्रॅम सुका माल निघतो. वजन याहून बरेच जास्त भरले तर ओल राहिली असे समजावे.

अलीकडे नारळाच्या करवंट्यांवर चालणारे ड्रायर वापरात येत आहेत. त्यांत धूर वेगळ्या नळीतून जायला हवा, हवेत मिसळायला नको. वाळलेला पाला निवला की त्याच दिवशी हवाबंद पिशवीत भरावा. उघड्या पोत्यात तो एका रात्रीत पुन्हा दमट होतो.