उंची चामडी बूट : घडण आणि मापाची पारख

औपचारिक पोशाखावर घालायचे, वासराच्या किंवा तशाच बारीक पोताच्या चामड्याचे, शिवून बांधलेले आणि झिजल्यावर तळ बदलता येणारे पुरुषांचे बूट म्हणजे उंची औपचारिक बूट. असे दोन जोड शेजारी ठेवून त्यांची तुलना करताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात : बूट घडवला कसा आहे आणि पायाला बसतो कसा. पहिल्याचे उत्तर बुटातच सापडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बुटाला पायाची गाठ पडल्याशिवाय मिळत नाही. घडण अव्वल पण आकार परका असला, तर तो जोड कपाटातच पडून राहतो. म्हणून पारख चामड्यापासून नव्हे, फर्म्यापासून सुरू करावी.

फर्मा आणि नंबर

ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर चामडे ताणून बुटाला आकार देतात त्याला फर्मा किंवा कलबूत म्हणतात. तो पायाची हुबेहूब नक्कल नसतो. बोटांच्या पुढे थोडी मोकळी जागा, टाचेशी आवळपणा, कमानीखाली खोलगटपणा हे सारे फर्मा घडवणाऱ्याने ठरवलेले असते. एकाच कारखान्याचे एकाच नंबरचे दोन बूट पायात पूर्ण निराळे वाटतात ते यामुळेच. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टन हे या धंद्याचे जुने केंद्र. तिथल्या एडवर्ड ग्रीन या कंपनीचा ‘202’ हा फर्मा गोलसर टोकाचा आहे, तर ‘888’ चौकोनी, छिन्नीने तासल्यासारख्या टोकाचा. अमेरिकेतील ऑल्डन कंपनीचा ‘बॅरी’ फर्मा इतका प्रशस्त आहे की बहुतेकांना त्यात नेहमीपेक्षा अर्धा नंबर कमी घ्यावा लागतो. जाणकार म्हणूनच एकमेकांना ‘तुझा नंबर किती’ एवढेच विचारून थांबत नाहीत, ‘कोणत्या फर्म्यावर’ हेही विचारतात.

नंबराच्या पद्धतीही एक नाहीत. इंग्लिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे 8.47 मिमी. हे माप जवाच्या दाण्याच्या लांबीवरून आले. युरोपात चालणारा पॅरिस पॉइंट दोन तृतीयांश सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे 6.67 मिमी. असतो. पुरुषांच्या बुटांचा अमेरिकी नंबर इंग्लिश नंबरापेक्षा साधारण अर्ध्या ते एका अंकाने मोठा निघतो. या पद्धतींचा मूळ हिशेब फर्म्याच्या लांबीचा आहे, पायाच्या नव्हे. इंग्लिश 8 नंबरचा फर्मा हिशेबाने 11 इंचांचा. पण टोक निमुळते काढले की नंबर तोच राहून फर्मा लांबतो. रुंदीच्या अक्षरांचेही तसेच. अमेरिकेत मध्यम रुंदीला ‘डी’ म्हणतात, नॉर्दॅम्प्टनच्या क्रॉकेट अँड जोन्स या कंपनीकडे ‘ई’ आणि चर्च या कंपनीकडे ‘एफ’. अक्षर पाहून रुंदी ताडणे म्हणजे फसगत ओढवून घेणे.

पाय मोजण्याचे सर्वांत प्रसिद्ध उपकरण अमेरिकेतील सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी 1920 च्या दशकात तयार केले. त्याची खरी हुशारी अशी, की ते टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी यांबरोबरच टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचे अंतरही मोजते. बूट दुमडायचा तो या सांध्यावर. दोन माणसांचे पाय सारख्याच लांबीचे असूनही एकाची बोटे लांब आणि दुसऱ्याची आखूड असू शकतात. मग लांब बोटांच्या माणसाचा सांधा मागे पडतो आणि दोघांना वेगळे बूट लागतात.

पायात घालून पाहणे

पाय दिवसभरात फुगतात, म्हणून बूट संध्याकाळी घालून पाहावा, नेहमीच्या मोज्यांवर आणि दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहून. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. माप त्याचे धरावे.

आता नाड्या बांधून वरून पाहावे. ऑक्सफर्ड बुटात नाडीची भोके असलेल्या दोन्ही पाळ्या खालच्या बाजूला जीभेवर बंद शिवलेल्या असतात, त्यामुळे तो फारसा माफ करत नाही. नव्या बुटात पाळ्यांमध्ये सेंटिमीटरभर, फार तर दीड सेंटिमीटर समांतर फट राहिली तर ते शुभलक्षण. चामडे सैलावत जाते तशी ही फट मिटते. नव्यातच पाळ्या एकमेकींना भिडल्या, तर पुढे आवळायला जागाच उरत नाही. फट वरच्या बाजूला फाकली, तर पायाची पाठ त्या फर्म्याला उंच आहे. अशा पायाला उघड्या पाळ्यांचा डर्बी जास्त मानवतो.

यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे रुंदीचे दुखणे लांबीने बरे करायला जाणे. चवड्याला बूट चावतो म्हणून माणूस पुढचा नंबर घेतो. चवडा सुटतो खरा, पण पायाचा सांधा आता बुटाच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे येऊन पडतो. चालताना बूट भलत्याच जागी दुमडतो, वळी तिरपी पडून अंगठ्यावर किंवा करंगळीवर टोचते, टाच प्रत्येक पावलाला वर-खाली होते आणि पाय पुढे घसरून बोटे टोकाला आदळतात. मग टाचेत पट्टी, आत जाड तळवा अशी मलमपट्टी सुरू होते. योग्य उपाय तोच नंबर रुंद मापात घेणे किंवा फर्माच बदलणे हा आहे.

नव्या, ताठ तळाच्या बुटात टाच किंचित हलली तर घाबरू नये. तळ वाकायला लागला की ती धरते. तसेच वेल्टच्या, म्हणजे कडेच्या पट्टीला तळ शिवलेल्या, बुटात आतल्या तळाखाली बुचाचा थर असतो. काही आठवड्यांत तो दबून तिथे पायाचा ठसा उमटतो आणि पाऊल जरा खोल बसते. पहिल्या दिवशी नेमका पण अजिबात न चावणारा बूट निवडावा तो यासाठी. लांबी मात्र कधीच वाढत नाही.

तळाची बांधणी

वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने फिरणारी चामड्याची अरुंद पट्टी. वरचे चामडे, अस्तर आणि आतला तळ तिला शिवतात आणि बाहेरचा तळ पुन्हा वेगळ्या टाक्यांनी त्याच पट्टीला शिवतात. तळ झिजला की फक्त बाहेरचे टाके उसवायचे, वरच्या बुटाला हात लावावा लागत नाही. हे काम यंत्रावर आणणारी गुडइयर पद्धत धाकट्या चार्ल्स गुडइयर यांच्या नावाची आहे. रबराच्या व्हल्कनीकरणाचे जनक ते त्यांचे वडील. त्याआधी 1858 मध्ये लायमन ब्लेक यांनी आतल्या तळातून थेट बाहेरचा तळ शिवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ब्लेक बूट सडपातळ आणि लवचीक होतो, पण तळ बदलताना सुई दर वेळी आतल्या तळातूनच जाते.

गुडइयर हा शब्द आज दर्जाची मोहोर म्हणून मिरवतो, आणि इथे थोडे थांबायला हवे. यंत्राच्या पद्धतीत वेल्ट ज्या कण्याला, म्हणजे उभ्या कडेला, शिवतात तो आतल्या तळावर डिंकवलेला कापडी कणा असतो. हाताने वेल्ट घालणारा कारागीर जाड आतल्या तळातच रापीने कणा कोरून काढतो, आरीने एकेक भोक पाडतो आणि मेणाचा दोरा ओढून घेतो. तिथे निखळण्याजोगा डिंकच नसतो. बुटाचे आयुष्य या न दिसणाऱ्या आतल्या तळावर अवलंबून असते, आणि किंमत छाटायची झाली की पहिली कात्री त्यालाच लागते. बाहेरून मोजता येतात ते कडेचे टाके. बारीक कामात ते इंचाला 12 च्या आसपास किंवा अधिक असतात; पण त्यातून हाताची सफाई कळते, टिकाऊपणा नव्हे.

चामडे

चवड्यावरचा तुकडा कातड्याच्या पाठीकडच्या घट्ट भागातून कापला आहे का, हे पहिल्या वळीवरून कळते. बोटाने हलके दाबले की चांगल्या वासराच्या चामड्यावर केसासारख्या बारीक, एकमेकींना चिकटून वळ्या उठतात आणि बोट काढताच मावळतात. पोटाकडच्या सैल चामड्यावर त्या जाड आणि पोकळ उठतात. पृष्ठभाग घासून वर रंगाचा लेप चढवलेले चामडे दुकानात आरशासारखे चमकते, पण वळीवर तडकते. घोड्याच्या पुठ्ठ्यातून मिळणाऱ्या शेल कॉर्डोव्हनची तऱ्हाच वेगळी : शिकागोच्या हॉर्वीन टॅनरीत (स्थापना 1905) ते कमवायला किमान सहा महिने लागतात आणि त्यावर बारीक सुरकुत्यांऐवजी गोल लाटा पडतात. त्याला ताण कमी, म्हणून त्यात आवळ माप घेऊ नये. तळासाठी ओकच्या सालीत मुरवलेले चामडे सर्वांत मानाचे. इंग्लंडच्या डेव्हनमधील कोलिटन गावच्या बेकर टॅनरीत त्याला वर्षभराहून अधिक काळ लागतो.

स्वतःचा फर्मा

तयार फर्म्यांपैकी एकही पायाला जुळला नाही, तर मापाचा बूट करवून घेतात. कारागीर कागदावर पायाची रेघ काढतो, चवडा, पाठ आणि टाच फितीने मोजतो आणि गिऱ्हाइकाच्या नावाचा लाकडी फर्मा तासतो. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील जॉन लॉब यांच्या दुकानात असे हजारो फर्मे जपून ठेवलेले आहेत. वयाबरोबर पाय पसरतो, अंगठ्याचा सांधा बाहेर येतो. तेव्हा फर्मा टाकून देत नाहीत. त्या जागी चामड्याची चकती चिकटवतात आणि कानशीने घासून पायाच्या नव्या उंचवट्याइतकी आणतात.