वस्तुमान प्रवाह दर : एककांचे रूपांतर

नळीतून, पट्ट्यावरून किंवा यंत्रातून ठरावीक वेळात जेवढे वस्तुमान पुढे सरकते, त्याला वस्तुमान प्रवाह दर म्हणतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याचे एकक किलोग्रॅम प्रतिसेकंद आहे, पण कामाच्या जागी ते क्वचितच कानावर पडते. बॉयलरवर ताशी टन बोलतात, साखर कारखान्यात दिवसाचे टन, प्रयोगशाळेत मिनिटाला ग्रॅम, तर अतिदक्षता विभागात सिरिंज पंपाचा दर मिनिटाला मायक्रोग्रॅममध्ये ठरतो. एका जागेचा आकडा दुसरीकडे न्यायचा तर रूपांतर करावेच लागते.

या एककाला दोन बाजू असतात, वर वस्तुमान आणि खाली वेळ. वरची बाजू दशमान आहे : १,००० ग्रॅमचा किलो, १०० किलोचा क्विंटल, १,००० किलोचा टन. तिथे फक्त दशांशचिन्ह सरकते. खालची बाजू ६०, ३,६०० आणि ८६,४०० अशा पटींत चालते. म्हणून चुका बहुधा वजनात होत नाहीत, वेळेत होतात.

पाठ असावेत असे गुणक थोडेच आहेत. १ किग्रॅ/सेकंद म्हणजे ताशी ३.६ टन आणि दिवसाला ८६.४ टन. १ ग्रॅम/सेकंद म्हणजे ताशी ३.६ किलो, दिवसाला ८६.४ किलो. १ किलो/मिनिट म्हणजे दिवसाला १.४४ टन. उलट दिशेने, ताशी १ टन म्हणजे सेकंदाला २७७.८ ग्रॅम आणि दिवसाला १ टन म्हणजे ताशी ४१.६७ किलो. ताशी टनांतून किग्रॅ/सेकंदात जाताना शक्यतो गुणकाने गुणण्याऐवजी ३.६ ने भागावे, कारण ०.२७७७… हा आकडा कुठेतरी तोडावाच लागतो. तो ०.२८ धरला तर चूक ०.८ टक्के, दिवसाला ५,००० टनांच्या हिशेबात ती ४० टन होते.

साखर कारखान्यात मोठे आणि लहान असे दोन्ही प्रवाह एकाच छपराखाली सापडतात. ५,००० टीसीडी, म्हणजे दिवसाला ५,००० टन ऊस गाळण्याची क्षमता, २४ तासांवर धरली तर ताशी २०८.३३ टन, सेकंदाला ५७.८७ किलो. पण अनेक कारखान्यांची क्षमता २२ तासांच्या गाळपावर सांगितलेली असते. मग तोच ५,००० चा आकडा ताशी २२७.२७ टन होतो, आणि मिल, पंप, पट्टे यांची निवड या दुसऱ्या आकड्यावर करावी लागते. दिवस किती तासांचा धरला हे विचारल्याशिवाय टीसीडीचे रूपांतर करू नये.

आता रस शुद्ध करायला घालतात तो चुना. २४ तासांच्या हिशेबाने उसाच्या ०.१५ टक्के धरला तर ताशी ३१२.५ किलो, म्हणजे मिनिटाला ५.२ किलो. रस निवळण्यासाठी घालायचे फ्लॉक्युलंट याहून फार कमी लागते, रसाच्या ३ पीपीएमच्या आसपास. इथे एक सोपी ओळख कामी येते : १ पीपीएम म्हणजे टनाला १ ग्रॅम. रसाचे वजन ढोबळमानाने उसाइतके धरले तर ताशी ६२५ ग्रॅम, मिनिटाला १०.४ ग्रॅम, दिवसाला १५ किलो. एवढी पूड मिनिटामिनिटाला मोजून टाकता येत नाही, म्हणून १ किलो पूड २,००० लिटर पाण्यात विरघळवून ०.०५ टक्क्याचे द्रावण करतात. त्याचा प्रवाह ताशी १,२५० लिटर, मिनिटाला २०.८ लिटर येतो. पंप बरोबर चालतो का हे पाहायला १० लिटरची बादली आणि घड्याळ पुरते. बादली २९ सेकंदांत भरली पाहिजे. ३ पीपीएम टक्क्यांत मांडले की ०.०००३ होते. त्यातले एक शून्य गळले तर दिवसाला १५ किलोऐवजी १५० किलो पूड जाते, आणि रस जास्त निवळण्याऐवजी काम बिघडते.

पट्ट्यावरच्या काट्यात दर मीटरवरचे वजन आणि पट्ट्याचा वेग यांचा गुणाकार होतो. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, पट्ट्यावर मीटरला १२ किलो माल आणि वेग सेकंदाला १.४ मीटर असेल तर १६.८ किग्रॅ/सेकंद, म्हणजे ताशी ६०.५ टन. पट्टा घसरत असेल आणि वेग मोटरकडच्या पुलीवर मोजला असेल, तर रूपांतर अचूक असूनही उत्तर फुगलेले येते.

थांबलेल्या वेळेची नोंद ही वेगळीच डोकेदुखी. १ तास ४५ मिनिटे बंद पडलेली मिल वहीत १.४५ अशी लिहिली जाते आणि पुढचा माणूस तो दशांश समजतो. दिवसाच्या ४,८०० टन गाळपाला २२.२५ तासांनी (२४ वजा १.७५) भागले तर ताशी २१५.७ टन, २२.५५ ने (२४ वजा १.४५) भागले तर २१२.९. मिनिटे आधी ६० ने भागून ०.७५ करावीत.

चुंबकीय प्रवाहमापक घनफळ दाखवतो, वस्तुमान नव्हे. ताशी २०० घनमीटर रसाची घनता १.०६ असेल तर ताशी २१२ टन. घनता विसरली की १२ टनांचा हिशेब लागत नाही. कोरिऑलिस प्रकारचा मापक वस्तुमान थेट देतो, पण तो महाग.

अमेरिकी यंत्रांच्या पाट्यांवर तासाला पौंड असतात. १ पौंड म्हणजे नेमके ०.४५३५९२३७ किलो, म्हणून ताशी १,००,००० पौंड वाफ ही ४५.३६ टन. तिथला टन ९०७.१८ किलोचा, जुना ब्रिटिश टन १,०१६.०५ किलोचा, नुसते ‘टन’ लिहिले असेल तर कागद कोणत्या देशाचा आहे ते आधी पाहावे.

लहान बॉयलरवरची ‘एफ अँड ए १००’ ही क्षमता मात्र केवळ एकक बदलून वापरता येत नाही. ती १०० अंश सेल्सिअसच्या पाण्याची त्याच तापमानाची वाफ करण्यावर, किलोला २,२५७ किलोज्यूल या उष्णतेवर ठरते. पाणी ६० अंशांचे आणि वाफ १०.५ बार गेज दाबाची (हवेच्या दाबाच्या वर १०.५ बार) हवी असेल तर किलोला सुमारे २,५३० किलोज्यूल लागतात, आणि पाटीवर ताशी १ टन लिहिलेला बॉयलर प्रत्यक्षात ताशी ८९० किलोच्या आसपासच वाफ देतो.