झुलू खेड्यांतील बालवाड्या आणि देणगीचे गणित

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल या झुलूबहुल प्रांतातील खेड्यांत बालवाडी म्हणजे बहुधा गावातल्याच एखाद्या बाईने घरालगतच्या खोलीत किंवा चर्चच्या सभागृहात चालवलेला वर्ग असतो. आपली अंगणवाडी ही सरकारी योजना आहे. तिथे मात्र बहुतेक बालवाड्या लोकांनीच सुरू केलेल्या असून, सरकार पात्र ठरलेल्या केंद्रांना गरीब घरच्या मुलांमागे दिवसाचे अनुदान देते. २०१९ पासून ते १७ रँड होते आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात २४ रँडची तरतूद होईपर्यंत, महागाई वाढत असूनही, जागचे हलले नाही. उरलेली तूट पालकांची तुटपुंजी फी आणि धर्मादाय संस्थांच्या देणग्या यांतून भरून काढावी लागते.

देणगीदारांचा पहिला ओढा इमारतीकडे असतो. रंगवलेल्या भिंतींचे छायाचित्र चांगले येते, हे त्याचे एक कारण असावे. तरीही विटांवरचा खर्च वाया जातो असे म्हणता येत नाही, कारण अनुदानासाठी नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी सुरक्षित खोली, स्वच्छतागृह, पाणी व कुंपण लागते. म्हणजे ज्या गावाला अनुदानाची गरज सर्वाधिक, तेच गाव या अटींपाशी अडते. त्यातच प्रांतातील सुमारे २८ लाख हेक्टर जमीन झुलू राजा विश्वस्त असलेल्या इंगोन्यामा ट्रस्टकडे असून तिचा वापर पारंपरिक प्रमुखांच्या संमतीने होतो, त्यामुळे बांधकामाआधी त्यांच्याशी बोलणी करावी लागतात.

इमारत उभी राहिल्यावर आत काय घडते, हा विज्ञानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. तीन ते पाच या वयात मेंदूच्या अग्रखंडाशी निगडित नियंत्रणशक्ती, म्हणजे सूचना लक्षात ठेवणे, मोह आवरणे आणि नियम बदलल्यावर वागणे बदलणे, झपाट्याने वाढते. ती मोजण्याची एक साधी रीत अशी: परीक्षकाने पेन्सिल एकदा आपटली की मुलाने दोनदा आपटायची आणि दोनदा आपटली की एकदा. समोरच्याची नक्कल करण्याची ऊर्मी दाबून नियम पाळता येतो का, हे त्यातून कळते. दक्षिण आफ्रिकेत चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी ‘एलोम’ नावाचे मापन साधन झुलूसह देशातील अनेक भाषांत उपलब्ध आहे. त्याच्या आधारे २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत बालवाडीत जाणाऱ्या मुलांपैकीही निम्म्याहून अधिक मुले वयाच्या अपेक्षेपेक्षा मागे आढळली. तेव्हा केवळ हजेरीपटावर नाव असून भागत नाही.

मग कशाने भागते? जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सुरू झालेला एक प्रयोग येथे उपयोगी पडतो. वाढ खुंटलेल्या १२९ बालकांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला जाऊन, घरीच केलेल्या खेळण्यांच्या मदतीने आईला मुलाशी खेळायला आणि बोलायला शिकवत असत. सुमारे वीस वर्षांनी या मुलांची कमाई तुलनागटापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक निघाली. ज्यांना केवळ पूरक आहार दिला होता त्यांच्यात असा टिकाऊ फरक दिसला नाही. यावरून बालवाडीतले जेवण बंद करावे असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. दक्षिण आफ्रिकेत २०१६ च्या पाहणीनुसार पाच वर्षांखालील २७ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती, आणि रिकाम्या पोटी बसलेल्या मुलाकडून एकाग्रतेची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. मात्र वाढ बहुतांशी पहिल्या दोन वर्षांतच, म्हणजे बालवाडीच्या वयाआधीच, खुंटते, हेही विसरता येत नाही.

क्वाझुलू-नातालमधील ‘सिंगाक्वेंझा’ ही संस्था म्हणूनच मला लक्षणीय वाटते. ती शिक्षिकांना टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवते. बाटल्यांची झाकणे रंगांनुसार लावताना वर्गीकरण होते, दोरीत ओवताना चिमटीची पकड घट्ट होते, आणि हीच पकड पुढे पेन्सिलीला लागते. खेळणे हरवले तर दुसरे करायला पैसा लागत नाही, पण ते मुलासमोर ठेवून ‘आता कोणता रंग?’ असे विचारणारी प्रशिक्षित बाई मात्र लागते. १९८४ पासून डर्बनमध्ये कार्यरत असलेली ‘ट्री’ ही संस्था असेच प्रशिक्षण देत आली आहे.

अडचण अशी, की यातल्या अनेक शिक्षिकांना राष्ट्रीय किमान वेतनाइतकेही मानधन मिळत नाही, आणि शिकून तयार झालेली बाई बरी नोकरी मिळताच निघून जाते. मानधन हा दरमहा येणारा खर्च असल्याने त्यासाठी देणगी मिळवणे इमारतीच्या मानाने फार अवघड जाते.