'असे म्हणून'पासून 'पुढे जा'पर्यंत: सूचनांमधल्या सांध्याची पार्श्वभूमी

घरगुती गणेशपूजेची पातळशी पोथी उघडली की तिच्यात दोन भाषा शेजारी शेजारी नांदताना दिसतात. मंत्र संस्कृतात, आणि मंत्रांच्या मधल्या जागेत मराठी सूचना: 'असे म्हणून पळीभर पाणी ताम्हनात सोडावे', 'असे म्हणून गंध, अक्षता, फूल वाहावे'. गुरुजी नसले तरी नवख्या यजमानाचं अडत नाही ते या 'असे म्हणून'मुळे. आधीची कृती कुठे संपली आणि पुढची केव्हा सुरू करायची, हे त्या दोन शब्दांत कळतं. आज अ‍ॅपच्या 'मदत' विभागात किंवा वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेत जे मराठी वाचायला मिळतं, त्यात पायऱ्यांना क्रमांक असतात, ठळक अक्षरं असतात, चित्रंही असतात. दोन पायऱ्यांना जोडणारा हा सांधा मात्र बहुतेक वेळा नसतो. तो लिहिणाऱ्याच्या आळसामुळे गेला असं म्हणणं सोपं आहे, पण खरी कारणं निराळी आहेत.

कृती टप्प्याटप्प्याने लिहून ठेवण्याची रीत फार जुनी. इसवी सनापूर्वी १८००च्या आसपास बॅबिलोनियात मातीच्या पाट्यांवर गणितं सोडवण्याच्या पद्धती उमटवलेल्या आहेत. समोरच्या विद्यार्थ्याला 'तू' म्हणून सांगितलेलं असतं: अमुक संख्या निम्मी कर, तिचा वर्ग कर, त्यात इतके मिळव. काही पाट्यांवर टप्प्याचं उत्तर 'तुला दिसेल' अशा शब्दाने जाहीर होतं, आणि शेवटी 'ही झाली रीत' असं म्हणून गणित संपतं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७२ साली या पाट्यांवर लेख लिहून त्यांतल्या रीती अल्गोरिदम म्हणून मांडल्या. मला त्यातलं 'तुला दिसेल' अधिक मोलाचं वाटतं. आकडा जुळला तर पुढे जायचं, नाही तर मागे वळून चूक शोधायची. पायरी आणि तिची खूण एकत्र सांगायची ही पद्धत त्या काळीही लोकांना सुचली होती.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत नेमका विचार व्याकरणात झाला. पाणिनीच्या अष्टाध्यायीतलं ३.४.२१ हे सूत्र आहे 'समानकर्तृकयोः पूर्वकाले'. दोन क्रियांचा कर्ता एकच असेल, तर त्यांतल्या आधी घडणाऱ्या क्रियेच्या धातूला 'क्त्वा' प्रत्यय लागतो: भुक्त्वा व्रजति, म्हणजे जेवून जातो. मराठीत हे काम 'ऊन' करतो. मात्र सूत्रात घातलेली अट नीट पाहायला हवी, क्रम आणि कर्ता या दोन्हींची ती अट आहे. 'पाऊस पडून रस्ते निसरडे झाले' असं आपण म्हणतो, तेव्हा मराठी ही अट थोडी सैल करते. पण कुणाला काही करायला सांगताना अट कडक राहते. 'अर्ज भरून सही करा' हे ठीक, कारण दोन्ही कामं वाचकाचीच. 'ओटीपी येऊन तो टाका' असं कुणी म्हणणार नाही. ओटीपी पाठवणारं यंत्र वेगळं, टाकणारा माणूस वेगळा. तिथे 'ओटीपी आल्यावर' म्हणावं लागतं, आणि त्या 'आल्यावर'मध्ये 'तोवर थांबा' ही न लिहिलेली सूचनाही असते.

हा फरक ज्यांनी कुठलंही व्याकरण न वाचता अचूक पाळला, त्या पाककृती सांगणाऱ्या बायका. कोणतीही मराठी कृती घ्या. 'कांदा बारीक चिरून, खोबरं किसून, दोन्ही वेगवेगळं भाजून घ्यावं.' इथवर सगळं काम स्वयंपाक करणारीच्या हातचं, म्हणून 'ऊन'ची साखळी सरळ चालते. मग सूत्रं चुलीच्या हाती जातात आणि भाषा लगेच बदलते: 'मोहरी तडतडली की हिंग घाला', 'तेल सुटेपर्यंत मसाला परता', 'उकळी फुटली की आच मंद करा', 'दणदणीत वाफ आली की झाकण काढा', 'पहिली शिट्टी झाल्यावर पाच मिनिटं बारीक गॅसवर ठेवा'. यात 'की' म्हणजे लगेच, क्षणभरही थांबू नका. मोहरी तडतडल्यानंतर उशीर केला तर करपतेच. 'ल्यावर' थोडी सवड देतं. 'पर्यंत' म्हणजे हात थांबवू नका, करत राहा. 'परतता परतता थोडं थोडं पाणी शिंपडा' यातली दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. चार प्रकारचे सांधे, आणि प्रत्येकाला कानाने, डोळ्याने किंवा नाकाने ओळखायची खूण जोडलेली. एकाही ठिकाणी नुसतं 'नंतर' नाही.

इंग्लंडमध्ये एलायझा अ‍ॅक्टन यांनी १८४५ साली प्रत्येक कृतीच्या शेवटी साहित्य आणि लागणारा वेळ वेगळा काढून दिला. १८६१ साली इझाबेला बीटन यांच्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात साहित्य वर गेलं. आजच्या पाककृतीची मांडणी तिथून आली. ती सोयीची आहे यात वाद नाही. पण मिनिटं मोजून दिलेली पायरी शेगडीवर अवलंबून असते. 'तेल सुटेपर्यंत' म्हटलं की स्टोव्ह असो की इंडक्शन, फरक पडत नाही.

सूचनालेखनाला शिस्त लावली ती युद्धाने आणि कारखान्यांनी. १९४० साली अमेरिकेत, युद्धसाहित्य बनवणाऱ्या कारखान्यांत नवखे कामगार भराभर तयार करण्यासाठी उद्योगांतर्गत प्रशिक्षणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. १९४५पर्यंत सोळा लाखांहून अधिक लोकांना त्याचं प्रमाणपत्र मिळालं. कामाचा तक्ता दोन रकान्यांचा असे: एकात महत्त्वाची पायरी, दुसऱ्यात कळीचे मुद्दे. पायरीची त्यांची व्याख्या आजही उपयोगी आहे. काम पुढे सरकेल असं काहीतरी घडतं, तो कामाचा तर्कसंगत तुकडा म्हणजे पायरी. हाताची प्रत्येक हालचाल ही पायरी नव्हे. अनेक मदत-पानांवर 'माउस तिथे न्या' आणि 'क्लिक करा' या दोन वेगळ्या पायऱ्या दिसतात, त्या लिहिणाऱ्यांनी ही व्याख्या वाचायला हवी होती.

त्याआधी, ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बफेकी विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप उड्डाणाआधी काढलेलंच नव्हतं. वैमानिक अनुभवी होते. या अपघातानंतर वैमानिकांची तपासणी-यादी रूढ झाली. पुढे विमानांत ती आव्हान-प्रतिसाद पद्धतीने वाचली जाऊ लागली: एकाने बाब वाचायची, दुसऱ्याने पाहून स्थिती सांगायची, आणि उत्तर आल्याखेरीज पुढची बाब घ्यायची नाही. इथे सांधा कागदावर नसतो, तो दुसऱ्या माणसाच्या तोंडून येतो. म्हणूनच ती यादी इतकी त्रोटक असूनही चालते. तीच त्रोटक शैली, ऐकणारा दुसरा कुणी नसताना, एकट्या वाचकापुढे ठेवली की घोटाळा होतो.

विमानदुरुस्तीच्या पुस्तिकांची अडचण वेगळी होती. त्या इंग्रजीत, आणि वाचणारे अनेक तंत्रज्ञ इतर भाषांचे. १९७९ साली युरोपातल्या विमानकंपन्यांच्या संघटनेने उत्पादकांच्या संघटनेकडे सोप्या इंग्रजीचा आग्रह धरला, आणि १९८६ साली मर्यादित शब्दांच्या, नियमबद्ध इंग्रजीची पहिली मार्गदर्शिका निघाली. तिचे नियम पुढे विमानांच्या बाहेरही पसरले: सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त वीस शब्दांचं, एका वाक्यात एकच सूचना, दोन कामं एकाच वेळी करायची असतील तरच ती एका वाक्यात, आणि अट असेल तर ती आधी.

यातला शेवटचा नियम मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. 'दिवा हिरवा झाला तर कळ दाबा' हाच आपला स्वाभाविक क्रम आहे. फोनवरचा ध्वनिमुद्रित आवाजही 'मराठीसाठी दोन दाबा' असंच सांगतो. आधी कोणासाठी, मग काय करायचं. गूगलच्या तांत्रिक लेखनाच्या नियमांतही कृतीआधी तिची जागा सांगा असं बजावलेलं आहे, म्हणजे आधी कोणत्या पडद्यावर आणि मग कोणतं बटण. इंग्रजीत हा क्रम मुद्दाम पाळावा लागतो. मराठीत तो न सांगताही येतो, आणि तरीही 'क्लिक करा सेव्ह वर, जर तुम्हाला बदल ठेवायचे असतील' अशी उलटी वाक्यं मराठी मदत-पानांवर भेटतात.

'एका वाक्यात एकच सूचना' हा नियम मात्र आपल्याला भोवला. इंग्रजीत तो उपकारक आहे, कारण तिथे लांब वाक्यात कर्ता हरवतो. मराठीत 'सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा निवडा' हे वाक्य तोडून 'सेटिंग्जमध्ये जा. नंतर भाषा निवडा.' केलं की वाचकाला काहीच नवं मिळत नाही, फक्त 'नंतर' वाढतो.

संगणक घराघरांत आणि कचेऱ्यांत शिरले तेव्हा जुनी शिस्त अपुरी पडली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांचे सहकारी, शब्दप्रक्रिया यंत्र (वर्ड प्रोसेसर) शिकणाऱ्या नवख्या लोकांचं निरीक्षण करत होते. लोक पुस्तिका क्रमाने वाचतच नव्हते. मध्येच उडी मारत, आपलं खरं काम करून पाहत, आणि एखादी कळ चुकली की भलत्याच पडद्यावर अडकत. पुस्तिका मात्र सगळं ठीक चाललंय असं धरून पुढची पायरी सांगत राहायची. कॅरोल यांनी मग अगदी कमी मजकुराची पुस्तिका केली. तिच्यात चूक कशी ओळखायची आणि तिच्यातून बाहेर कसं यायचं, हे ठळकपणे दिलं. लोक लवकर शिकले. बॅबिलोनियातलं 'तुला दिसेल' इथे पुन्हा कामाला आलं, या वेळी त्याला 'नाही दिसलं तर' हेही जोडून.

हा धडा उद्योगाने अर्धाच घेतला. आयबीएमनेच दस्तऐवज लिहिण्यासाठी तयार केलेली डिटा ही रचना २००५ साली खुलं मानक झाली. तिच्यात प्रत्येक पायरीचे भाग ठरलेले आहेत: करायची कृती, अधिक माहिती, उदाहरण, आणि कृतीनंतर काय घडेल ते. यातली कृती सक्तीची आहे आणि परिणाम ऐच्छिक. मुदत जवळ आली की ऐच्छिक रकाने रिकामे राहतात, हे कुठल्याही कचेरीत काम केलेल्याला सांगायला नको. शिवाय अशा रचनेचा हेतूच असा की एकदा लिहिलेला तुकडा दहा ठिकाणी वापरता यावा. 'वरील संदेश आल्यावर' असं लिहिलं तर तो तुकडा दुसरीकडे बसत नाही, म्हणून अशी वाक्यं संपादकच काढून टाकतात.

पायऱ्यांमधल्या सांध्यावर शेवटचा घाव भाषांतराच्या साधनांनी घातला. १९९०च्या दशकात पसरलेली भाषांतर-स्मृतीची सॉफ्टवेअर मजकूर वाक्यावाक्यांत चिरून अनुवादकापुढे ठेवतात. जुनं वाक्य जुळलं तर त्याचा आधीचा अनुवाद आपोआप येतो, आणि अनेकदा त्याचे पैसेही कमी मिळतात. अनुवादकापुढे 'नेक्स्ट' हे एकटंच बटण येतं, किंवा 'कोड टाका' हे एकटंच वाक्य. त्याच्या आधीची कृती वाचकाने केली की यंत्राने, हे त्याला दिसत नाही. मग 'टाकून', 'आल्यावर' की 'आला की', यांतलं काय निवडणार? तो बिनधोक 'नंतर' लिहितो. दोन वाक्यं जोडून एक करायची झाली तर बहुतेक साधनांत ते जिकिरीचं असतं, आणि स्मृतीतलं जुळणंही बिघडतं.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर सुरू झाली, तेव्हापासून बांधावर उभं राहून, रेंज येत-जात असताना पिकाचा फोटो काढून नोंद करणारा शेतकरी हाही अशा सूचनांचा वाचक आहे. 'फोटो अपलोड करा' आणि 'अ‍ॅप बंद करा' या दोन क्रमांकित ओळींच्या मध्ये त्याच्या पडद्यावर बराच वेळ एक चक्र फिरत असतं. तिथे त्याला 'माहिती जतन झाल्याचा संदेश दिसल्यावरच अ‍ॅप बंद करा. संदेश आला नाही तर रेंज असलेल्या जागी जाऊन पुन्हा पाठवा' एवढं हवं असतं. हे वाक्य इंग्रजी मूळ मजकुरात नसेल तर वाक्यावाक्याने केलेल्या अनुवादातून ते कधीच उगवणार नाही. पडदा समोर ठेवून, मराठीत पहिल्यापासून लिहिणाऱ्यालाच ते सुचतं.